आधी कुत्रं ओळखा, मग ट्रेनिंग ठरवा

आमच्या ठाण्यातल्या बिल्डिंगमधली दोन कुत्री. लिफ्टचं दार उघडलं आणि समोर कोणी उभं दिसलं की दोघंही पट्टा ताणून, पुढचे पाय हवेत, पूर्ण आवाज लावून भुंकायची. एक आमची भिंगरी, मानपाड्याच्या पुलाखाली सापडलेली इंडी म्हणजे आपली देशी कुत्री, आम्ही आणली तेव्हा साधारण पाच महिन्यांची असेल. दुसरा पाचव्या मजल्यावरच्या काकांचा ब्रुनो, लॅब्रॅडॉर, वजन पस्तीस किलो. बघणाऱ्याला दोघांत काहीच फरक दिसायचा नाही, सोसायटीच्या ग्रुपवर दोघांची तक्रार एकाच मेसेजमध्ये यायची आणि दोघांना एकच सल्ला मिळायचा, चांगला कडक ट्रेनर लावा.

पण भिंगरी भीतीने भुंकत होती, तिला समोरचा माणूस लांब जायला हवा होता. ब्रुनोला तोच माणूस जवळ यायला हवा होता, भेटायची इतकी घाई की पट्ट्याने अडवलं की त्याचा आरडाओरडा सुरू. दिसायला एक, आतलं कारण एकदम उलटं. हे कळायला मला जवळजवळ वर्ष लागलं आणि त्या वर्षात भिंगरीचं नुकसान झालं, एका मुलाला तिने चावलं. म्हणून ज्यांनी नुकतंच कुत्रं आणलंय आणि ते घाबरतंय किंवा सारखं उसळतंय त्यांच्यासाठी हे सगळं क्रमाने लिहितेय.

ते चावण्याचं आधी सांगते, कारण पद्धत का महत्त्वाची ते त्यातून कळेल. आम्ही एक ट्रेनर लावला होता, महिन्याभरात सरळ करून देतो म्हणाला. चोक चेन, म्हणजे ओढली की गळा आवळणारी साखळी, घातली, लिफ्ट उघडली आणि ती भुंकली की जोरात झटका. तीन आठवड्यांत ती गप्प झाली, आम्ही खूश, शेजारीही खूश. दोनेक महिन्यांनी एक कुरियरवाला मुलगा दारात आला, प्रेमानेच वाकला आणि तिच्या डोक्यावर हात न्यायला लागला. ती भुंकली नाही, गुरगुरली नाही, सरळ हात पकडला. त्या मुलाला रेबीजची इंजेक्शनं घ्यावी लागली, तिचं लसीकरण पूर्ण होतं तरी घ्यावीच लागतात. खर्च आम्ही केला पण त्याचा पांढरा पडलेला चेहरा मला अजून आठवतो. तिची भीती तेवढीच होती, गेलं होतं ते फक्त गुरगुरणं, म्हणजे ती आधी जी वॉर्निंग द्यायची तीच आम्ही मारून टाकली होती.

(कोणालाही कुत्रं चावलं, घरचं असो की रस्त्यावरचं, तर जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जायचं. हळद-तिखट काही लावायचं नाही.)

पहिलं काम, ट्रेनरच्या आधी व्हेट (प्राण्यांचे डॉक्टर)

वागणं अचानक बदललं असेल, आधी चालायचं ते आता चालत नाही, हात लावू देत नाही, रात्री अस्वस्थ असतं, तर पहिलं दुखणं बघा. कान, दात, कंबर, त्वचेची खाज, गोचिडांचा ताप. आपल्याकडे पावसाळ्यात गोचिडी आणि कानातलं इन्फेक्शन दोन्ही कॉमन आहे, भिंगरीचा उजवा कान पावसाळाभर दुखत होता आणि नेमका त्याच बाजूने कोणी गेलं की ती जास्त चिडायची, आम्हाला वाटायचं हट्टीपणा आहे. दुखणाऱ्या कुत्र्याला कुठलीच ट्रेनिंग लागू पडत नाही. व्हेटला नुसतं "चिडचिड करतो" असं सांगू नका, फोनवर व्हिडिओ काढून दाखवा, कारण क्लिनिकमध्ये बरीच कुत्री घाबरून थिजतात आणि घरी काय करतात ते तिथे दिसतच नाही.

दुसरं, सात दिवस फक्त लिहायचं

एक वही घ्या किंवा फोनमधल्या नोट्स. प्रत्येक वेळी कुत्रं भुंकलं, उसळलं किंवा लपलं की चार गोष्टी टिपा: समोर काय होतं, किती लांब होतं, अंग कसं होतं, आणि नंतर शांत व्हायला किती वेळ लागला. या सात दिवसांत सुधारायचा प्रयत्न करू नका, अवघड जागा शक्य तितक्या टाळा आणि बघा.

अंग कसं होतं हे बघायला शिकणं हाच खरा अभ्यास आहे. घाबरलेलं कुत्रं वजन मागच्या पायांवर घेतं, कान मागे चिकटलेले, शेपूट खाली किंवा पायात, तोंड घट्ट मिटलेलं, डोळ्याचा पांढरा भाग दिसतो. त्याच्याही आधी बारीक खुणा येतात ज्या आपण सोडून देतो, खाणं समोर नसताना नाकावरून जीभ फिरवणं, झोप नसताना जांभई, मान वळवून घेणं, खाज नसताना बसून अंग खाजवणं, पाण्यातून आल्यासारखं अंग झटकणं. जांभई म्हणजे कंटाळा आला असं मी कितीतरी दिवस समजत होते. आणि घाबरलेलं कुत्रं पुढेही धावून जातं बरं का, आधी आपणच अंगावर गेलो तर समोरचा पळतो हे ते शिकलेलं असतं, त्यामुळे धावून गेलं म्हणजे धीट असं समजू नका.

उतावळ्या कुत्र्याचं अंग सैल असतं. कंबरेपासून मागचा भाग हलतो, तोंड उघडं, आवाज चिरका आणि कुईकुई मिसळलेला, आणि मुख्य म्हणजे तो माणूस किंवा ते कुत्रं जवळ आलं की त्याचं भुंकणं कमी होतं. भीतीवालं कुत्रं माणूस लांब गेल्यावर सुटतं. वहीतली ही एक ओळ, जवळ आल्यावर वाढलं की कमी झालं, मला सगळ्यात जास्त उपयोगी पडली. (त्यासाठी मुद्दाम माणसं अंगावर नेऊन टेस्ट करू नका, रोजच्या रोज जेवढं घडतं त्यातूनच कळतं.)

शेपूट हलतेय म्हणजे आनंदी हे मात्र डोक्यातून काढून टाका. ताठ उभी आणि टोकाला थरथरणारी शेपूट वेगळी, सैल गोल फिरणारी वेगळी.

आणि बरीच कुत्री दोन्ही असतात. माणसं बघून नाचणारा ब्रुनो मिक्सरच्या आवाजाला पलंगाखाली जातो. साधारण सहा महिन्यांपासून दीड-दोन वर्षांपर्यंतचं वय तर असं असतं की काल जमलेलं आज जमत नाही. त्यामुळे "माझं कुत्रं घाबरट" असा शिक्का मारण्यापेक्षा कशाला घाबरतं आणि कशाने उसळतं अशा दोन याद्या करा.

तिसरं, अंतर शोधा

प्रत्येक कुत्र्याचं एक अंतर असतं, त्याच्या पलीकडे समोरची गोष्ट दिसली तरी ते खाऊ शकतं, हाक मारली तर वळून बघतं. त्याच्या आत आलं की डोकं बंद, कान बंद, तोंडाशी चिकन धरलं तरी घेत नाही. आत आल्यावर काहीही शिकवता येत नाही, आपण ओरडलो तरी नाही आणि लाडीगोडी केली तरी नाही. म्हणून सगळं शिकवणं त्या रेषेच्या बाहेर.

मोजायला मी बिल्डिंगच्या पार्किंगचे पट्टे वापरले. एक गाडीची जागा साधारण अडीच मीटर रुंद असते. गेटवरून लोक ये-जा करत होते आणि भिंगरी आठ गाड्या लांब असेल तरच चिकन खात होती, सातव्या गाडीला चघळणं थांबायचं, सहाव्याला तुकडा तोंडातून खाली. तर आमचं अंतर आठ गाड्या. तुमचं तीन असेल किंवा पंधरा असेल, जे असेल ते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

जागा मिळणं ही आपल्याकडची खरी अडचण. संध्याकाळी तलावपाळी किंवा उपवनला नवीन घाबरट कुत्रं नेऊच नका, तिथे आठ गाड्यांचं अंतर सोडा, आठ पावलं मोकळी मिळत नाहीत. लोकांना वाटतं गर्दीत नेलं की सवय होईल, उलट होतं, पळायला जागा नसली की ते आणखी घाबरतं. पहाटे साडेपाच-सहा, कोलशेतच्या बाजूचे आतले रस्ते, सुट्टीच्या दिवशी वागळे इस्टेटच्या आतल्या गल्ल्या, असं शोधावं लागतं. नवी मुंबईवाल्यांचं जरा बरं आहे, नेरूळ-सीवूड्सच्या सेक्टरांमधले आतले रस्ते रुंद आहेत, लांबून कोण येतंय ते दिसतं. येऊर शांत आहे म्हणून अंधारात कुत्रं घेऊन जाऊ नका, तो बिबट्यांचा भाग आहे आणि कुत्रा हे बिबट्याचं खाणं आहे. आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचे एरिया आधी आपण एकटे फिरून माहीत करून घ्या, कुठल्या वळणावर कुठली टोळी बसते ते वॉचमनदादांना सगळं ठाऊक असतं.

घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी

इथे आज्ञा शिकवायची नाहीये, भावना बदलायची आहे. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना ठरलेला आवाज झाला की खाणं मिळायचं, मग नुसत्या आवाजाने तोंडाला पाणी सुटायला लागलं. आपल्याला तेच करायचंय, अनोळखी माणूस दिसला की लगेच जगातली सगळ्यात भारी गोष्ट तोंडात. चोक चेनने आम्ही याच्या बरोब्बर उलटं शिकवलं होतं, माणूस दिसला की मान आवळते.

क्रम चुकवू नका. आधी माणूस दिसतो, कुत्र्याची नजर तिकडे जाते, मग चिकन. आधी चिकन दाखवून मग माणूस आला तर चिकनचीच धास्ती बसते, पिशवी उघडली की आता काहीतरी येणार. माणूस दिसतोय तोवर तुकड्यामागून तुकडा, माणूस गेला की चिकन बंद आणि आपण नेहमीसारखे. बसायला सांगू नका, "बघ बघ दादा चांगला आहे" असं जवळ ओढू नका, भुंकलं तरी ओरडू नका, नुसतं मागे वळून अंतर वाढवा आणि पुन्हा खायला लागेल तिथे थांबा. (भुंकलं तर देऊ का? हो, लांब नेऊन द्या, भीतीला बक्षीस मिळत नसतं.)

तुकडे मटाराच्या दाण्याएवढे, नाहीतर आठवड्यात वजन वाढतं. चिकन नुसतं पाण्यात उकडलेलं, मीठ-कांदा-लसूण काही नाही, कांदा-लसूण कुत्र्यांना बाधतो. शाकाहारी घरात पनीर किंवा उकडलेलं रताळं चालतं, अंडं चालत असेल तर उकडलेलं अंडं. मनुका, द्राक्षं, चॉकलेट अजिबात नाही, आणि पीनट बटर देत असाल तर डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) लिहिलंय का ते वाचा, ते कुत्र्यांना विषारी आहे. हे भारी खाणं फक्त या कामासाठी राखून ठेवायचं. आमच्याकडे आई म्हणजे सासूबाई दिवसभर प्रेमाने बिस्किटं द्यायच्या आणि मग बाहेर तिला कशातच रस नसायचा, त्यांना समजावलं, आता त्याच चिकन उकडून बारीक तुकडे करून डबा भरून देतात.

रोज दहा मिनिटं, आठवड्यात पाच दिवस, बस. एका वेळी पाच-सहा माणसं लांबून गेली तरी पुष्कळ. काही दिवसांनी एक क्षण येतो, माणूस दिसतो आणि कुत्रं त्याच्याकडे बघून चटकन मान वळवून तुमच्याकडे बघतं, म्हणजे कुठेय माझं चिकन. हे सलग दोन-तीन दिवस व्हायला लागलं की एक गाडी पुढे. एकच. आम्हाला आठ गाड्यांवरून तिनावर यायला सात आठवडे लागले.

मग लिफ्ट. त्यावर वेगळं लिहिते कारण ठाण्यात टॉवरमध्ये राहायचं तर लिफ्ट सुटत नाही. तोवर आम्ही चार मजले जिन्यानेच उतरत होतो, आणि ज्यांना ते शक्य आहे त्यांनी काही आठवडे तेच करावं, कारण रोज दोनदा लिफ्टमध्ये घाबरवून दहा मिनिटं ट्रेनिंग करण्यात काही अर्थ नाही. सुरुवात दुपारी दोन-अडीचला, बिल्डिंग झोपलेली असते तेव्हा. पहिले काही दिवस रिकामी लिफ्ट, दार उघडं, बाहेरूनच आत तुकडे टाकायचे, जायचं तर जाईल, ओढायचं नाही. मग दार बंद होऊन लगेच उघडणं. मग एक मजला. त्या दार उघडण्याच्या "टिंग"लाच भिंगरी दचकायची, तर टिंग झालं की चिकन हे वेगळं केलं, दार उघडण्याच्या आधीच. मग समोरच्या काकू मदतीला आल्या, पॅसेजच्या टोकाला कडेला तोंड करून उभ्या राहायच्या, बघायचं नाही, बोलायचं नाही, हात पुढे करायचा नाही. काकूंनी हे पंधरा-सोळा वेळा केलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. आत उभं राहायची जागाही ठरलेली, भिंगरी मागच्या कोपऱ्यात आणि मी मध्ये, म्हणजे येणारा माणूस थेट तिच्यावर येत नाही. आणि लिफ्टमध्ये आधीच कोणी असेल तर हसून "तुम्ही व्हा पुढे" म्हणायचं. दोन मिनिटं जातात, जाऊ देत.

पट्ट्याबद्दल एवढंच, छातीवर क्लिप असलेला हार्नेस घ्या, लांबी दीड-दोन मीटर, गुंडाळी होणारा लांबलचक पट्टा गर्दीच्या भागात नको. चावण्याची शक्यता असेल तर तोंड उघडून धापा टाकता येतील आणि चिकन घेता येईल असा जाळीचा मझल (तोंडावर घालायची मुसकी), आणि तो चिकनच्या मदतीने घरीच दोन-तीन आठवड्यांत हळूहळू सवयीचा करायचा. मझल म्हणजे शिक्षा नव्हे, त्याने आमचीच छातीतली धडधड कमी झाली आणि ते पट्ट्यातून तिला कळायचं.

उतावळ्या कुत्र्यासाठी

ब्रुनोच्या काकांना वाटायचं एनर्जी जास्त आहे, दमवलं पाहिजे. रोज संध्याकाळी पोडियमवर तासभर बॉल. झालं काय, तीन महिन्यांत ब्रुनो आणखी फिट झाला आणि बॉल नसतानाही बॉलच्या मूडमध्ये राहायला लागला. उतावळ्या कुत्र्याला धावणं लागतंच, पण त्याहून जास्त लागतं थंड होणं, आणि ते कोणी त्याला शिकवलेलं नसतं.

मग काकांनी बॉल दहा मिनिटांवर आणला आणि बाकी वेळ हुंगायचा फेरफटका, लांब सैल पट्टा, कुत्रा थांबेल तिथे आपणही थांबायचं, एका झाडाला पाच मिनिटं लागली तरी चालतील. जेवणातलं निम्मं खाणं गवतात विखरून किंवा जुन्या टॉवेलमध्ये गुंडाळून. नाक वापरलं की कुत्रं शांत होतं, हे मी दोन्ही कुत्र्यांत पाहिलंय. आणि झोप. मोठं कुत्रं दिवसाचे बारा-चौदा तास सहज झोपतं, पिल्लू त्याहून जास्त. घरात सारखी ये-जा, टीव्ही, मुलं अंगावर, तर झोप होत नाही आणि मग संध्याकाळी जे चालतं त्याला आपण मस्ती म्हणतो.

लिफ्टपाशी ब्रुनोची पद्धत भिंगरीच्या उलट. त्याला माणूस हवाय, म्हणजे माणूस हेच बक्षीस. पट्टा सैल असेल तर एक पाऊल पुढे, ताणला की झाडासारखं उभं, पुन्हा सैल झाला की पुन्हा पाऊल. चारही पाय जमिनीवर असतील तर समोरचा तीन सेकंद कुरवाळणार, उडी मारली की माणूस पाठ फिरवणार. गुडघ्याने ढकलणं, "नो नो" म्हणत हाताने खाली करणं हे त्याला खेळच वाटतं. पहिल्या आठवड्यात उड्या वाढल्या, काका वैतागले होते, पण हे होतंच, आधी चालणारी युक्ती चालेनाशी झाली की कुत्रं तीच जास्त जोरात करून बघतं. तेव्हा घरातल्या एकाने जरी "जाऊ दे, ये राजा" म्हणून उडीवर लाड केले तर काय होतं, जास्त जोरात उडी मारली की चालतं हे शिकतो. त्यामुळे घरातले सगळे, कामवाल्या ताई, वॉचमन, सगळ्यांना एकच नियम.

शिवाय एक चटई. रोज दोनदा पाच मिनिटं, चटईवर स्वतःहून आडवा झाला की पंजांमध्ये शांतपणे तुकडा ठेवायचा, काही न बोलता. महिन्याभराने ती चटई गुंडाळून ते व्हेटच्या वेटिंगमध्येही नेतात आणि ब्रुनो तिच्यावर पसरतो.

आता विचार करा, हीच पद्धत भिंगरीला लावली असती, शांत राहिलीस तर माणसाच्या जवळ नेते, तर तिच्यासाठी ते बक्षीस नव्हतंच. आणि भिंगरीची पद्धत, लांब नेऊन चिकन, ब्रुनोला लावली तर अर्धवट चालली असती, त्याला लांब जायचंच नव्हतं. म्हणून ते आधी ओळखा, आधी ओळखा करतेय.

ट्रेनर निवडताना

आपल्याकडे ट्रेनर व्हायला कुठलं सरकारी लायसन्स लागत नाही, त्यामुळे प्रश्न आपणच विचारायचे. कुत्र्याने बरोबर केलं तर त्याला काय मिळतं? चुकलं तर तुम्ही नेमकं काय करता? गळ्यात काय घालता? मला पूर्ण वेळ समोर बसता येईल का? दुसऱ्या प्रश्नाला "करेक्शन देतो" एवढंच उत्तर आलं तर करेक्शन म्हणजे काय ते दाखवायला सांगा, आपल्या कुत्र्यावर नाही, हवेत. महिन्याची गॅरंटी देणारा, सेंटरवर महिनाभर सोडून जा म्हणणारा, चोक चेन, काटेरी पट्टा किंवा शॉकवाला पट्टा काढणारा, यांना नम्रपणे नाही म्हणा. चांगला ट्रेनर आधी व्हेटला दाखवलं का विचारतो, पहिला अर्धा तास कुत्र्याला हातही लावत नाही आणि शिकवतो मुख्यतः तुम्हाला.

"डॉमिनंट आहे, मालक कोण ते दाखवा" हे तुम्हाला ऐकायला मिळणारच. ही कल्पना आली लांडग्यांवरून. प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांवर लिहिलं, ते लांडगे वरचढपणासाठी भांडायचे. पुढे डेव्हिड मेक या अमेरिकन संशोधकाने १९७० च्या पुस्तकात अल्फा, म्हणजे कळपावर हुकूम चालवणाऱ्या, लांडग्याची कल्पना लोकांपर्यंत नेली, पण मोकळ्या जंगलातले लांडगे वर्षानुवर्षं बघितल्यावर १९९९ मध्ये त्यानेच लिहिलं की कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं, एक कुटुंब. आपण मात्र अजून कुत्र्याला पाठीवर पाडून दाबतोय. २०२० साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास छापला, झटके-ओरडा वापरणाऱ्या ट्रेनिंग स्कूलमधली कुत्री आणि बक्षीस देणाऱ्या स्कूलमधली, पहिल्यांच्यात ताणाच्या खुणा जास्त आणि ट्रेनिंगनंतर लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोनही जास्त वाढलेलं. अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ अ‍ॅनिमल बिहेविअर या व्हेट लोकांच्या संस्थेने २०२१ मध्ये स्पष्ट म्हटलंय की सगळ्याच कुत्र्यांसाठी बक्षिसाची पद्धत वापरा, अंगावर येणाऱ्यांसाठीसुद्धा. घरात कोणी कडक ट्रेनरचा आग्रह धरला तर हे सांगा.

औषधाचं नाव काढलं की लोक बिचकतात, मीही बिचकले होते. पण कुत्रं घराबाहेर कुठल्याच अंतरावर खात नसेल, एकटं ठेवलं की दार कुरतडून रक्त काढत असेल, तर नुसत्या ट्रेनिंगने होणार नाही. व्हेट फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि मनाने बंद करायचं नाही. त्याने कुत्रं गुंगीत राहावं असं अपेक्षित नसतं, शिकण्याइतकं डोकं मोकळं व्हावं हा हेतू असतो. आपल्या घरातली झोपेची गोळी मात्र कधीच नाही.

सणांचं वेळापत्रक

हे आधी लावा, कारण ठाण्यात दहीहंडीपासून दिवाळीपर्यंत उसंत नसते. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला जवळपास ४५,०००, म्हणजे आपल्याला ऐकूच न येणारे चिरके आवाजही, त्यामुळे आपल्याला जो नुसता आवाज आहे तो त्यांना कसा लागत असेल याचा विचार करा. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाचे हादरे चालू होते तेव्हा भिंगरी दोन-दोन तास बाथरूममध्ये बसायची.

जूनपासूनच फोनवर ढोल-ताशा आणि फटाक्यांचं रेकॉर्डिंग अगदी हळू, कान जरा टवकारतील एवढंच, आणि सोबत चिकन. आवाज आठवड्याला थोडासा वाढवायचा. दहीहंडीच्या दिवशी टेंभी नाका, नौपाडा बाजूला नेण्याचा प्रश्नच नाही, गणपतीत दीड, पाच, सात आणि दहा दिवसांच्या विसर्जनाच्या संध्याकाळी फिरणं चारच्या आत उरकायचं, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला तर नक्कीच. खिडक्या-पडदे बंद, पंखा फुल, टीव्ही चालू, आणि ते जिथे लपेल तिथे लपू द्यायचं, बाहेर ओढायचं नाही. जवळ आलं तर जवळ घ्या, कुरवाळा, त्याने भीती वाढत नाही. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला हवाच, आवाजाने पट्टा सोडवून पळणारी कुत्री दरवर्षी असतात. आणि औषध लागणार असेल तर व्हेटकडे महिनाभर आधी जा, शांत दिवशी एकदा देऊन बघता येतं, आयत्या वेळी मिळालेली नुसती सुस्त करणारी गोळी कधीकधी अंग ढिलं करते आणि भीती आत तशीच राहते, हे व्हेटला स्पष्ट विचारा.

सोसायटीचं म्हणाल तर भांडण टाळा पण हक्क माहीत असू द्या, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला कुत्रं पाळायला बंदी करता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. मी ग्रुपवर एकदाच मेसेज टाकला, आमची भिंगरी घाबरते, हात पुढे करू नका, आम्ही मागे थांबू. लांब राहा अशी खूण म्हणून पिवळी फीत बांधली पट्ट्याला. लहान मुलांना सगळ्यात आधी समजलं, तीच आता मोठ्यांना सांगतात, "काका, तिला बघायचं नाही."

मागे गेलं तर

जाणारच. मागच्या महिन्यात जिन्यात एक मोकळं सोडलेलं कुत्रं थेट अंगावर आलं, भिंगरी किंचाळली, आणि त्या संध्याकाळी गेटवर पुन्हा आठ गाड्या. अशा वेळी दुसऱ्याच दिवशी "हरायचं नाही" म्हणून पुन्हा गर्दीत नेऊ नका. तीन दिवस आम्ही ट्रेनिंगच बंद ठेवली, पहाटे फक्त मागची गल्ली, दिवसा टॉवेलमधलं खाणं, भरपूर झोप. चौथ्या दिवशी पाच गाड्यांवरून सुरू केलं, तिने खाल्लं. आठवड्याभरात तिनावर. पहिल्या वेळी ज्याला सात आठवडे लागले होते त्याला या वेळी आठवडा लागला, वहीत लिहिलं होतं म्हणून कळलं, त्यामुळे वही मात्र सोडू नका.